सक्सेस रेटचा छेद विचारा : नागपुरात आयव्हीएफ क्लिनिक निवडताना

नागपुरात मूल होण्यासाठी आयव्हीएफचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार शोधणारं जोडपं आज ना उद्या धंतोली नाहीतर रामदासपेठ या दवाखान्यांच्या भागांत येऊन पोचतंच. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळहून लोक येतात, तिकडे छिंदवाडा-बालाघाटहूनही येतात. हातात दोन-तीन वर्षांच्या रिपोर्टांची पिशवी असते आणि कोणीतरी सांगितलेला एक आकडा डोक्यात असतो. “त्यांच्याकडे सत्तर टक्के आहे म्हणतात.” बहुतेकांची निवड या एका आकड्यावर होते.

मीही २०१६ मध्ये अशीच गेले होते. वय ३६. पहिल्या क्लिनिकमध्ये कौन्सेलर मॅडम म्हणाल्या, “आमचा सक्सेस रेट ६५ टक्के आहे.” माझं काम ऑडिटचं. दुसऱ्याच्या ताळेबंदात एक रुपया इकडचा तिकडे झाला तरी मी दहा प्रश्न विचारते. त्या दिवशी मात्र एकही विचारला नाही. शंभरातल्या ६५ जणींचं होतं, मग माझंही होईल, एवढंच मनाने धरलं आणि आम्ही पैसे भरले. त्या ६५ मध्ये नेमकं काय मोजलं होतं, हे मला वर्षभराने कळलं.

म्हणून नव्याने या वाटेवर आलेल्यांसाठी हे लिहिते आहे. शाळेत अपूर्णांक शिकताना वरच्या आकड्याला अंश म्हणायचो आणि खालच्याला छेद. सक्सेस रेट हा तसाच एक अपूर्णांक आहे. क्लिनिक तुम्हाला भागाकाराचं उत्तर सांगतं. अंशात काय धरलं आणि छेदात कोणाला घेतलं, हे तुम्हाला विचारून घ्यावं लागतं.

पहिली पायरी : आधी स्वतःची फाइल

क्लिनिकचा आकडा समजून घ्यायचा तर आधी आपण कुठे उभे आहोत ते माहीत हवं. ३५ वर्षांच्या आतली बाई असेल तर एक वर्ष प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत की तपासणी सुरू करतात. ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. फाइलमध्ये किमान एवढं असावं : तुमचं वय, एएमएच (ही एक रक्ततपासणी), पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांतली सोनोग्राफी (दोन्ही अंडाशयांत किती लहान फॉलिकल, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या दिसतात ती मोजणी), नळ्या मोकळ्या आहेत का याची तपासणी, आणि नवऱ्याचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट.

शेवटचा रिपोर्ट खरं तर सगळ्यात आधी व्हायला हवा. ही तपासणी स्वस्त आहे, तिला सुई लागत नाही आणि दुखतही नाही. तरी आपल्याकडे बाईच्या सोनोग्राफ्या होतात, नळ्यांची तपासणी होते, दुर्बिणीची शस्त्रक्रियाही होते, आणि नवऱ्याचा रिपोर्ट दोन वर्षांनी येतो. वहिनी एकट्याच चंद्रपूरहून बसने येतात आणि “हे कामात आहेत” म्हणतात, असं मी वेटिंग रूममध्ये पुष्कळदा पाहिलं. भाऊ, तुम्ही पहिल्या दिवशीच सोबत या. तुमचा रिपोर्ट आला की निम्मं कोडं उलगडतं.

एएमएचबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. तो अंड्यांचा साठा किती शिल्लक आहे याचा अंदाज देतो. अंडी किती चांगली आहेत हे त्यातून कळत नाही. ते मुख्यतः वयावर असतं. २८ वर्षांच्या मुलीचा एएमएच कमी आला म्हणून तिने हातपाय गाळायचं कारण नाही, आणि ४१ व्या वर्षी तो छान आला म्हणून निर्धास्तही होता येत नाही.

विदर्भातल्या जोडप्यांनी आणखी एक तपासणी करून घ्यावी, ती सिकलसेलची. आपल्या भागात हा आजार पुष्कळ आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, म्हणून तपासल्याशिवाय ते कळत नाही. लाखभर रुपये घालण्याआधी ही साधी रक्ततपासणी झालेली असावी. दोघंही वाहक निघालात तर भ्रूण तपासून मग आत सोडण्याची सोय आहे, पण ती सुरुवातीलाच ठरवावी लागते.

दुसरी पायरी : टक्के उलगडून बघा

इथे थोडा वेळ द्या. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा भाग विसरू नका.

आयव्हीएफची एक सायकल म्हणजे एकामागून एक टप्पे. दहा-बारा दिवस इंजेक्शनं. मधेमधे फॉलिकल स्टडी, म्हणजे फॉलिकल किती वाढले ते बघायची सोनोग्राफी. मग भूल देऊन अंडी बाहेर काढणं, ज्याला सगळे ‘पिकअप’ म्हणतात. लॅबमध्ये फलन, तीन ते पाच दिवस भ्रूणाची वाढ. मग ट्रान्स्फर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी रक्तातला बीटा एचसीजी, म्हणजे दिवस राहिले का याची तपासणी. बीटा पॉझिटिव्ह आला की पुढे सोनोग्राफीत हृदयाचे ठोके. आणि मग नऊ महिने. प्रत्येक टप्प्यावर काहीजणी गळतात.

आता हिशेबासाठी एक क्लिनिक कल्पनेत धरू. तिथे १०० जणींनी इंजेक्शनं सुरू केली. १० जणींची सायकल फॉलिकल नीट न वाढल्याने मधेच थांबवावी लागली, म्हणजे पिकअप ९० जणींचं झालं. त्यातल्या १५ जणींचं भ्रूण तयारच झालं नाही किंवा सोडण्याजोगं नव्हतं. ट्रान्स्फर ७५ जणींचं झालं. ४५ जणींचा बीटा पॉझिटिव्ह आला. ३६ जणींच्या सोनोग्राफीत ठोके दिसले. ३० जणी बाळ घेऊन घरी गेल्या.

या क्लिनिकचा सक्सेस रेट किती?

७५ ट्रान्स्फरमागे ४५ पॉझिटिव्ह धरले तर ६० टक्के. ७५ मागे ३६ ठोके धरले तर ४८. ७५ मागे ३० बाळं धरली तर ४०. पिकअपच्या ९० वर ३० बाळं धरली तर ३३. आणि ज्या १०० जणींनी पहिल्या दिवशी पोटात सुई टोचून घेतली त्यांच्यावर ३० बाळं धरली तर ३० टक्के.

क्लिनिक तेच, डॉक्टर तेच, बायाही त्याच. ६० पण खरं आणि ३० पण खरं. होर्डिंगवर कुठला आकडा लागतो हे वेगळं सांगायला नको. तुम्ही मात्र त्या ७५ मधल्या नाही. दार उघडून आत जाताना तुम्ही त्या १०० मधल्या एक आहात. ट्रान्स्फरपर्यंत पोचाल की नाही हे तुम्हाला अजून माहीत नाही. म्हणून आपल्या कामाचा आकडा सगळ्यात शेवटचा : सायकल सुरू करणाऱ्या दर शंभर जणींमागे किती जणी जिवंत बाळ घेऊन घरी गेल्या.

माझं नेमकं इथेच चुकलं. त्या क्लिनिकच्या ६५ टक्क्यांत ट्रान्स्फरमागचे बीटा पॉझिटिव्ह मोजले होते, आणि त्यात डोनर एग, म्हणजे दुसऱ्या बाईने दिलेली अंडी घेणाऱ्या बायाही धरल्या होत्या. माझा एएमएच ०.९ होता. माझी पहिली सायकल नवव्या दिवशी थांबवली. म्हणजे ज्या छेदावर तो ६५ चा आकडा उभा होता, त्यात मी शिरलेच नाही. त्यांच्या कागदावर माझं अपयश कुठेही नोंदलं गेलं नाही.

बीटा पॉझिटिव्हचं दुःख वेगळं आहे, त्याबद्दलही बोलायला हवं. रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, घरात पेढे येतात, आणि दहा दिवसांत बीटा उतरतो. याला बायोकेमिकल प्रेग्नन्सी म्हणतात. क्लिनिकच्या कागदावर तिथे ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेलं राहतं. ठोके दिसल्यावरही गर्भपात होऊ शकतो, आणि वय वाढतं तशी ही शक्यता वाढते. म्हणून “पॉझिटिव्ह किती?” असं विचारू नका, “बाळं किती?” असं विचारा.

एका गोष्टीत मात्र क्लिनिकची बाजू रास्त आहे. एका पिकअपमधून चार-पाच भ्रूण मिळाले तर एक सोडतात, बाकीचे फ्रीज करतात. पहिलं ट्रान्स्फर फसलं तरी फ्रोजन भ्रूण शिल्लक असतात. तेव्हा एका पिकअपमधून मिळालेले सगळे भ्रूण वापरून होईपर्यंत बाळ झालं का, असा एकत्रित आकडाही निघतो. तो ३० पेक्षा जास्तच येणार, आणि तो सांगणं योग्य आहे. फक्त तो एकत्रित आहे हे सांगून द्यायला हवा.

तिसरी पायरी : तुमच्या वयाच्या रांगेतला आकडा

सगळ्या वयांचा एकत्र काढलेला टक्का तुमच्या उपयोगाचा नाही. ब्रिटनमध्ये एक सरकारी नियामक संस्था देशभरातल्या सगळ्या क्लिनिकांचे निकाल गोळा करून छापते. तिथले २०१९ चे आकडे बघा. स्वतःची अंडी वापरणाऱ्यांमध्ये, सोडलेल्या प्रत्येक भ्रूणामागे बाळ होण्याचं प्रमाण ३५ च्या आतल्यांमध्ये ३२ टक्के होतं. ४० ते ४२ मध्ये ते ११ टक्क्यांवर आलं. ४३ च्या पुढे ५ टक्क्यांच्याही खाली. डोनर एग वापरणाऱ्यांमध्ये मात्र हे प्रमाण सगळ्या वयांत ३० टक्क्यांच्या वर राहिलं. म्हणजे फरक पडतो तो अंड्याच्या वयाने. गर्भाशयाच्या वयाने तेवढा पडत नाही.

यावरून दोन गोष्टी कळतात. एक, इतकी वर्षं हे काम करणाऱ्या देशातही तरुण बायांमध्ये एका भ्रूणामागे तिघींत एकीला बाळ होतं. तेव्हा कोणी तुम्हाला वय न विचारता ८० टक्के सांगत असेल तर तिथे थांबून चौकशी करा. दुसरी, ४६ वर्षांच्या काकूंना आयव्हीएफने बाळ झालं असं ऐकलंत तर ते बहुधा डोनर एगचं असतं. त्यात कमीपणा काहीच नाही, बाळ त्यांचंच आहे. पण त्या गोष्टीवरून तुमच्या स्वतःच्या अंड्यांचा अंदाज बांधता येत नाही.

वयाने आकडा कसा फिरतो ते पुन्हा कल्पनेतल्या दोन क्लिनिकांवरून सांगते. पहिल्यात शंभर जणी आल्या : ८० तरुण, त्यातल्या ४० जणींना बाळ झालं, २० जणी अडतिशीच्या पुढच्या, त्यातल्या दोघींना झालं. एकूण ४२ टक्के. दुसऱ्यातही शंभर : ४० तरुण, २२ जणींना बाळ, ६० जणी अडतिशीच्या पुढच्या, त्यातल्या ९ जणींना बाळ. एकूण ३१ टक्के. पेपरात दोन्ही जाहिराती शेजारी लागल्या तर सगळे पहिल्याकडे जातील. आता वयाप्रमाणे बघा. तरुणांमध्ये पहिल्याचं ५०, दुसऱ्याचं ५५. मोठ्या वयात पहिल्याचं १०, दुसऱ्याचं १५. दोन्ही रांगांत दुसरं क्लिनिक सरस आहे. ते अवघड केसेस जास्त घेतं एवढंच, आणि त्या घेतल्याची किंमत एकूण टक्क्यात मोजतं.

इतर ठिकाणी तीन वेळा फसलेल्या बायांना जे डॉक्टर परत पाठवत नाहीत, त्यांचा टक्का कमीच दिसणार. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने क्लिनिकनिहाय निकाल छापले जातात. तिथेही डॉक्टरांची संघटना सांगते की पेशंट वेगवेगळे असल्याने नुसत्या टक्क्यांवरून क्लिनिकांची तुलना करू नका. आपल्याकडे तर असे क्लिनिकनिहाय निकाल सामान्य माणसाला बघायला मिळत नाहीत. जे काही कळायचं ते विचारूनच.

चौथी पायरी : आकडा कशाकशाने फुगतो

संख्या लहान असली की टक्का उड्या मारतो. वीस जणींपैकी दहा जणींना बाळ झालं तर ५० टक्के. पण एवढ्या कमी संख्येवरून खरं प्रमाण २७ ते ७३ च्या मधलं कुठलंही असू शकतं. चारशेपैकी दोनशे झाले तर मात्र तो ५० बऱ्यापैकी भरवशाचा, फार तर पाच इकडे-तिकडे. म्हणून टक्क्यासोबत “वर्षाला किती सायकल होतात?” हेही विचारा. गेल्या तीन महिन्यांचा आकडा सांगत असतील तर वर्षभराचा मागा.

जुळ्यांचं प्रकरण जरा नाजूक आहे, कारण घरच्यांना जुळं हवंच असतं. “अवो, तिथं जा नं, आमच्या भाचीला पहिल्याच वेळी जुळे झाले,” असं मावशी प्रेमानेच सांगतात. दोन-तीन भ्रूण एकदम सोडले की त्या ट्रान्स्फरचा टक्का वाढतो. पण जुळ्यात बाळं वेळेआधी होण्याचा धोका खूप वाढतो, वजन कमी भरतं, आईचं बीपी वाढतं, आणि बाळांना काचेच्या पेटीत आठवडेच्या आठवडे ठेवावं लागू शकतं. त्या बिलाचा आणि त्या काळजीचा सक्सेस रेटमध्ये पत्ता नसतो. काही ठिकाणी डिलिव्हरीऐवजी बाळं मोजतात, मग एक जुळं म्हणजे दोन यश. किती भ्रूण सोडता आणि जुळ्यांचं प्रमाण किती, हे दोन्ही विचारा. एकच चांगलं भ्रूण सोडून चांगला निकाल देणारी लॅब ही खरी चांगली लॅब, असं माझं पक्कं मत झालं आहे.

आणि लॅबचंच बोलायचं तर, डॉक्टरांचं नाव सगळे विचारतात, एम्ब्रियॉलॉजिस्टचं, म्हणजे लॅबमध्ये भ्रूण वाढवणाऱ्या तज्ज्ञांचं, कोणी विचारत नाही. अंडी बाहेर आल्यापासून भ्रूण परत आत जाईपर्यंत ते त्यांच्याच हातात असतं. काही लहान क्लिनिकांत एम्ब्रियॉलॉजिस्ट बाहेरगावाहून ठरावीक दिवसांना येतात आणि सगळ्यांचं पिकअप त्या दिवसांत बसवतात, याला ‘बॅच’ म्हणतात. बॅच म्हणजे वाईट असं नाही. पण तुमची अंडी तयार होण्याचा दिवस आणि बॅचचा दिवस जुळवायला गोळ्यांनी तारीख पुढे-मागे करतात, हे तुम्हाला आधी कळलं पाहिजे. “एम्ब्रियॉलॉजिस्ट रोज असतात की बॅचला येतात?” एवढा एक प्रश्न विचारा. लाइट गेली तर इन्क्युबेटरला बॅकअप काय, हेही विचारलं तरी चालतं.

पाचवी पायरी : कायदा तुमच्या बाजूने आहे

प्रश्न विचारायला संकोच वाटतो, डॉक्टर रागावतील अशी भीती वाटते. म्हणून हे माहीत असू द्या. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा २०२१ मध्ये झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. जोडप्याला त्या क्लिनिकमध्ये यशाची शक्यता किती, फायदे-तोटे काय, खर्च किती, औषधांचे दुष्परिणाम आणि जुळ्या-तिळ्यांचा धोका काय, हे समुपदेशनात सांगणं या कायद्याने क्लिनिकचं कर्तव्य आहे. मूल दत्तक घेण्याच्या पर्यायाची माहितीही त्यांनी द्यायची आहे. म्हणजे तुम्ही आकडा विचारता तेव्हा तुमच्या हक्काचंच मागता.

याच कायद्याने प्रत्येक क्लिनिकची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी पाच वर्षांसाठी असते, म्हणून प्रमाणपत्रावरची तारीख बघा. लेव्हल १ च्या क्लिनिकमध्ये फक्त आययूआय (वीर्य नळीने गर्भाशयात सोडणं) करता येतं. आयव्हीएफ आणि इक्सीला (लॅबमध्ये अंड्यात सुईने एक शुक्राणू सोडणं) लेव्हल २ ची नोंदणी लागते. बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ या मर्यादेतच उपचार होतात. क्लिनिकमध्ये तक्रार निवारण कक्ष असावा लागतो. आणि मुलगा की मुलगी हे निवडून देण्याची कोणी सूचक भाषा जरी केली तरी तिथून उठून या. तो गुन्हा आहे, आणि जिथे तो चालतो तिथे आकडेही खरे सांगत नसतील.

सहावी पायरी : भेटीच्या दिवशी

दोघं मिळून जा. वही न्या आणि समोरच लिहा. लिहिणाऱ्या माणसाला उत्तरं जपून दिली जातात. प्रश्न मी ज्या शब्दांत विचारायला शिकले त्याच शब्दांत देते, वय आणि एएमएच मात्र नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे घाला :

“मॅडम, माझं वय ३४, एएमएच १.८. माझ्यासारख्या किती जणींनी गेल्या वर्षी तुमच्याकडे स्वतःच्या अंड्यांनी सायकल सुरू केली?”

“त्यातल्या किती जणींचं ट्रान्स्फर झालं, आणि किती जणींना बाळ झालं?”

“किती सायकल मधेच थांबवाव्या लागल्या?”

“इंजेक्शनांमुळे पोटात पाणी होऊन किती जणींना ॲडमिट करावं लागलं?”

शेवटचा प्रश्न अंडाशय जास्त उत्तेजित होण्याबद्दलचा आहे. पीसीओएस (अंडाशयात पुष्कळ लहान फॉलिकल आणि पाळी अनियमित) असलेल्या मुलींनी तो जरूर विचारावा, कारण हा त्रास त्यांना जास्त होतो.

नेमके आकडे लगेच मिळतीलच असं नाही. लहान क्लिनिककडे तुमच्या वयाच्या पंधराच केसेस असतील, ते प्रामाणिकपणे तसं सांगतील, आणि ते उत्तरही चांगलंच. ऐकायचं काय, तर प्रश्न आल्यावर समोरचा माणूस आकडा उलगडून दाखवतो की भिंतीवरच्या बाळांच्या फोटोंकडे बोट दाखवतो. “ताई, पॉझिटिव्ह विचार करा, सगळं चांगलं होईल,” हे उत्तर नाही. ते ऐकून बरं वाटतं हे मी जाणते, मलाही वाटलं होतं.

दुसऱ्या क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी माझी फाइल पंधरा मिनिटं वाचली. मग प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर त्यांनी पाच गोल काढले, एक भरला आणि म्हणाले, “तुमचं वय आणि साठा बघता एका सायकलमध्ये बाळ घरी जाण्याची शक्यता मी पाचात एक धरतो. याहून जास्त सांगणार नाही.” बाहेर येऊन आम्ही दोघं गाडीत बसून राहिलो. मी रडले. पण उपचार तिथेच घेतले. तिथे दोन सायकल केल्या. एकीत आठव्या आठवड्यात ठोके थांबले, दुसरीत बीटाच निगेटिव्ह आला. आम्हाला बाळ झालं नाही. मात्र त्या डॉक्टरांनी आम्हाला फसवलं असं एकदाही वाटलं नाही, आणि थांबायचं कधी हे आम्ही स्वतः ठरवू शकलो, कारण पाच गोल पहिल्या दिवसापासून समोर होते.

सातवी पायरी : पॅकेज आणि वरचे खर्च

औषधं धरून एका सायकलचा खर्च साधारण दीड ते अडीच लाखांच्या घरात जातो. “इतक्यात होतं” असं सांगितल्यावर इंजेक्शनं, भूल, फ्रीझिंग, फ्रोजन ट्रान्स्फर, भ्रूण साठवण्याचं वर्षाचं भाडं त्यात आहे का, ते एकेक विचारून लिहून घ्या.

तीन सायकलच्या पॅकेजमध्ये एक गणित अनेकांचं चुकतं. एका सायकलला ३० टक्के, म्हणून तीनला ९० टक्के, असं होत नाही. पहिल्यात ७० टक्के उरतात, दुसऱ्यात त्या ७० चे ७० टक्के, तिसऱ्यात पुन्हा तेच. शेवटी साधारण ३४ जणी रिकाम्या हाताने राहतात, म्हणजे यश ६६ च्या आसपास. तेही दर वेळी शक्यता तेवढीच राहिली तर. प्रत्यक्षात जिला दोनदा झालं नाही तिची तिसऱ्या वेळची शक्यता सहसा थोडी कमीच असते, आणि मधल्या काळात वयही वाढलेलं असतं.

“बाळ नाही तर पैसे परत” अशी योजना असेल तर तिच्या अटी घरी नेऊन वाचा. बहुतेक वेळा वय कमी आणि साठा चांगला असलेल्यांनाच ती देतात, म्हणजे ज्यांना पहिल्याच सायकलमध्ये यश यायची शक्यता जास्त त्यांनाच. ‘परत’ म्हणजे किती, आणि यश म्हणजे बीटा की बाळ, हे लिहिलेलं हवं.

जोडीला सुचवल्या जाणाऱ्या गोष्टी असतात : गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा देणं, पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट्सचा द्रव), भ्रूण चिकटवायचं द्रव्य, अस्तराची वेळ बघायची तपासणी, भ्रूणाची जनुकीय तपासणी. काहींचा ठरावीक केसेसमध्ये उपयोग असतो. पण सरसकट सगळ्यांना करण्याइतका पुरावा यातल्या बहुतेकांच्या मागे नाही. ओरखड्याचंच बघा. तो वर्षानुवर्षं करत होते. २०१९ मध्ये मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि बाळ होण्याच्या प्रमाणात काहीच फरक दिसला नाही. “हे माझ्याच केसमध्ये का?” असं विचारा. पटेल असं कारण मिळालं तर करा.

अंतराचा विचार

हा मुद्दा लहान आहे, पण टक्क्यांच्या नादात विसरला जातो. इंजेक्शनांच्या दहा-बारा दिवसांत चार ते सहा वेळा तरी सोनोग्राफीला यावं लागतं, आणि तारखा आदल्या दिवशी कळतात. गडचिरोली किंवा गोंदियाहून रोज ये-जा करण्यापेक्षा ते दोन आठवडे नागपुरात नातेवाइकांकडे राहता आलं तर बघा. पाच टक्क्यांच्या फरकासाठी मुंबई-पुणे गाठण्यात अर्थ आहे का, हेही याच हिशेबात बसवा. उन्हाळ्यात उपचार असतील तर काही इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. मे महिन्यात ४५ अंशांत बसमधून पर्समध्ये आणलेलं इंजेक्शन खराब होऊ शकतं. औषधवाल्याकडून बर्फाचा डबा मागून घ्या, थर्मासही चालतो, फक्त इंजेक्शन बर्फाला थेट लागू देऊ नका.

दोन किंवा तीन क्लिनिक बघा, पाच-सहा नको. वय वाढतं आहे आणि शोधण्यातच वर्ष जातं. दोन्हीकडची उत्तरं वहीत समोरासमोर लिहा, छेदासकट. निवड झाली आणि सायकल सुरू केलीत की प्रत्येक टप्प्याचा कागद मागून घ्या : किती अंडी निघाली, किती पिकलेली होती, किती फलित झाली, कोणत्या दिवशी कसे भ्रूण सोडले, किती फ्रीज केले. केलेल्या प्रक्रियेचा तपशील असलेलं डिस्चार्ज प्रमाणपत्र देणं कायद्याने बंधनकारक आहे. पहिल्या क्लिनिकमधून मी हे कागद मागितले नव्हते. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “कुठलं औषध, किती डोस दिला होता?” आणि आम्हा दोघांनाही ते सांगता आलं नाही.